१९८३चं ठाणे: मरून डबे बांधताना आणि त्यांचे फोटो काढताना

मरूनडबा, नौपाडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

हॉलच्या एका भिंतीला लावून आठ फूट लांब, दोन फूट रुंद फळी बसवली आहे. तिच्यावर ठाणे स्टेशनचा कल्याणकडचा तुकडा छोट्या मॉडेलच्या रूपात उभा करतोय, साल १९८३. त्या साली मी नऊ वर्षांचा होतो. बाबा संध्याकाळी मला फलाटाच्या टोकाला न्यायचे आणि जाणाऱ्या गाडीचे डबे मोजायला लावायचे. मोजणी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत थांबायचं असा नियम होता, आणि मला थांबायला आवडायचं. त्या डब्यांचा मरून रंग, उन्हाने विटून विटकरीकडे झुकलेला, छतावरून उतरलेले काळे ओघळ, खिडक्यांच्या आडव्या सळया, हे सगळं डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. तेच फळीवर आणायचंय.

डबा आयसीएफचा (इंटिग्रल कोच फॅक्टरी, चेन्नई) जनरल सेकंड क्लास. पेरांबूरचा कारखाना १९५५ साली स्विस श्लीरेन कंपनीच्या आराखड्यावर सुरू झाला. डब्याची बॉडी २१.३३७ मीटर लांब, ३.२४५ मीटर रुंद, दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) मध्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर. एचओ म्हणजे १:८७ मापात हे अनुक्रमे २४५, ३७.३ आणि १७० मिमी होतं. चाकाचा व्यास ९१५ मिमी, तो १०.५ मिमी होतो, आणि एचओची १०.५ची तयार चाकं मिळतात. एवढं एक सुख.

बाजूच्या भिंतींसाठी १ मिमी जाडीची स्टायरीन (एक प्रकारचं प्लास्टिक) शीट. आधी अख्ख्या शीटमधून खिडक्या कोरायला गेलो. चार रविवार गेले आणि एकाही खिडकीचे कोपरे काटकोनात आले नाहीत. मग पद्धत बदलली: खिडकीखालची अखंड पट्टी, वरची अखंड पट्टी, आणि मधे एकसारख्या कापलेल्या खांबांचे तुकडे चिकटवत जायचं. खिडकी कोरायचीच नाही, ती आपोआप उरते. एका बाजूला एक संध्याकाळ पुरली. सळयांसाठी जुन्या वायरीतला तांब्याचा एक-एक पदर वापरला. माझ्याकडची तार ०.२ मिमी भरली, म्हणजे खऱ्या मापात साधारण १७ मिमी. किंचित जाड आहे, पण याहून बारीक तार ताणून बसवताना तुटते. छत अर्ध्या मिमीच्या शीटचं. पीव्हीसी पाइपला चिंधीने आवळून बांधलं, उकळत्या पाण्यात मिनिटभर धरलं, लगेच गार पाण्यात.

दोन डबे झालेत. आता अडचण. हाताने समोर धरला की डबा बरा दिसतो. फोटो काढला की खेळणं दिसतं. एका पुस्तकात मी लहानपणी पाहिलेल्या कृष्णधवल फोटोसारखा, गाडी नुकतीच येऊन थांबली आहे असं वाटणारा एक फोटो मला हवाय. जुना डीएसएलआर आहे, मोबाइलही आहे. सहा फोटो जोडलेत. निर्दयपणे सांगा.


खाडीपलीकडे, ऐरोली

वा! खिडक्यांची युक्ती उचलतोय. मी एवढ्यात अशाच कोपऱ्यांपायी एक पार्सल व्हॅन सोडून दिली होती.

बोगी कशाच्या केल्यात? फोटोत नीट दिसत नाहीत. मी रेझिन थ्रीडी प्रिंटरवर आयसीएफ बोगीच्या बाजू छापल्या आहेत, अ‍ॅक्सल बॉक्सच्या दोन्ही अंगांच्या कॉइल स्प्रिंग आणि मधल्या बोल्स्टरच्या स्प्रिंगसकट. चाकांमधलं अंतर २.८९६ मीटरचं ३३.३ मिमी धरलंय. हवी असतील तर दोन जोड देतो. डब्याचं वजन किती भरलं?


मरूनडबा, नौपाडा

बोगी सध्या तात्पुरत्या आहेत, दुसऱ्या एका परदेशी डब्याच्या काढून लावल्या. तुमच्या नक्की हव्यात. वजन ९० ग्रॅम. वळणावर उड्या मारतो.


खाडीपलीकडे, ऐरोली

मग हलकाच आहे. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओच्या डब्याला मूळ १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असं वजन हवं. २४५ मिमी म्हणजे ९.६५ इंच, तर सगळं मिळून १६५ ग्रॅमच्या आसपास. लोखंडी नट ओळीने डब्याच्या फरशीला चिकटवा, बोगींच्या बरोबर वर. मधोमध ठेवलंत तर फरशी हळूहळू खाली झुकते, माझी झुकलीये.

वळण किती इंची आहे?


मरूनडबा, नौपाडा

१८ इंची. जागा तेवढीच आहे. फलाट वळणाच्या आत थोडा शिरतो आणि तिथे डबा काठाला घासतो. बाहेरच्या बाजूने सिग्नलच्या खांबालाही लागतो.


साडेसोळा, सीवूड्स

घासणारच. १७० मिमी बोगी-अंतराचा डबा ४५७ मिमी त्रिज्येवर मध्यभागी ८ मिमी आत येतो, आणि टोकं साडेआठ मिमी बाहेर जातात. अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढंच गणित. २४ इंची वळणावर हेच ६ मिमीवर येतं. फलाटाचा काठ त्या दोन वीत जागेत मागे घ्या, दुसरा इलाज नाही.

आता मूळ मुद्दा, जो इथे कोणीच काढत नाहीये. तुम्ही डब्याचं सगळं माप १:८७ने काढलंत, पण दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी. ते माप १४३५ मिमीच्या गेजचं आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ने ती १९.३ मिमी व्हायला हवी. म्हणजे तुमची गाडी पावणेतीन मिमी अरुंद रुळावर उभी आहे. समोरून काढलेल्या फोटोत डबा काठीवर ठेवलेल्या खोक्यासारखा दिसतो तो याच्यामुळे. १६.५च्याच रुळावर राहायचं असेल तर प्रमाण १:१०१.६ घ्यावं लागेल, मग सगळं जुळतं.


मरूनडबा, नौपाडा

गणित मान्य आहे. पण १:१०१.६ला चाक मिळत नाही, माणूस मिळत नाही, सायकल मिळत नाही. सगळं जग हाताने करावं लागेल. माझ्या वयाला ते पुरं होणार नाही. चालणाऱ्या लेआउटसाठी १६.५ ठेवणार आहे.


साडेसोळा, सीवूड्स

चालवण्यासाठी ठेवा, हरकत नाही. फोटोसाठी मात्र तडजोड करू नका. माझ्याकडे तीन फुटांची एक फळी आहे, तिच्यावर १९.३ मिमीने हाताने खिळे ठोकून रूळ बसवलेत, स्लीपर लाकडी, गिट्टी खऱ्या खडीची चाळून. चाकं अ‍ॅक्सलवर घट्ट बसलेली असतात, पण जपून दाबली तर सरकतात. दोन्हीकडे १.४ मिमी बाहेर सरकवलीत की डबा माझ्या रुळावर बसेल. एक जास्तीचा चाकांचा संच फक्त फोटोपुरता ठेवा. फळी तुम्हाला न्यायला देतो.


मरूनडबा, नौपाडा

हे फार मोठं आहे. मनापासून धन्यवाद. मला वाटलं होतं वादच होणार.


उजेड, नेरूळ

तुमचे सहाही फोटो पाहिले. मी भांडी, दागिने, औषधाच्या बाटल्या यांचे फोटो काढते, रेल्वेतलं काही कळत नाही. पण फोटोत काय होतंय ते सांगू शकते.

पहिलं, सगळे फोटो वरून काढलेत. कपबशी आपण जशी बघतो तशी तुम्ही गाडी बघताय. फलाटावर उभ्या माणसाला डब्याचं छत दिसतच नाही. फलाटाची उंची रुळापासून किती असते?


मरूनडबा, नौपाडा

लोकलच्या उंच फलाटाची ८४० मिमी.


उजेड, नेरूळ

आणि उभ्या माणसाचे डोळे त्याच्यावर १६०० धरू. २४४० भागिले ८७, म्हणजे २८ मिमी. लेन्सचा मध्य रुळापासून २८ मिमीवर हवा. जमिनीवरून, रुळांलगत उभं राहून बघायचं तर १८ मिमी. डीएसएलआरची लेन्स एवढी खाली जाणारच नाही, तिचा घेरच त्याहून मोठा. मोबाइल उलटा करा, कॅमेरा खाली येईल असा, आणि सरळ फलाटावर टेकवा. नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे हवे असतील तर आणखी खाली, तुम्ही तेव्हा किती उंच होतात त्यावर.

दुसरं, उजेड. तुमच्या फोटोत डब्याला तीन सावल्या आहेत. हॉलमधले तीन दिवे. सूर्य एकच असतो. बाकी दिवे बंद, एकच दिवा, जितका लांब नेता येईल तितका लांब. जवळच्या दिव्याने सावल्या पंख्यासारख्या पसरतात आणि तिथेच खेळणं उघडं पडतं. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा, अंधारी बाजू थोडी उजळेल.

तिसरं, मरून रंग. तुमच्या फोटोत तो चॉकलेटी दिसतोय. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंगाचा भागच कमी असतो, मग कितीही व्हाइट बॅलन्स करा, लाल मरतो. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा दिवा आणा, खोक्यावर लिहिलेलं असतं. सगळ्यात उत्तम म्हणजे ऊन.

चौथं, तुम्ही डीएसएलआरवर एफ/२२ लावलंय असं दिसतं. जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून ना? पण इतक्या छोट्या छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. एफ/८, एफ/११वर राहा, आणि फोकस जवळच्या बफरपासून शेवटच्या डब्यापर्यंत थोडा थोडा सरकवत दहाबारा फोटो काढा. ते एकत्र करणारी सॉफ्टवेअर आहेत, हेलिकॉन फोकस वगैरे. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर, बोटाने हलता कामा नये.


मरूनडबा, नौपाडा

ताई, उलटा मोबाइल टेकवून आत्ताच एक काढला, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दिवा लांब ठेवून. जोडतोय. खिडकीतून पलीकडच्या खिडकीतला उजेड दिसतोय, मला आजपर्यंत हे दिसलंच नव्हतं.

पण आता वेगळंच दिसायला लागलं. डब्याच्या खालच्या बाजूला मी जे काही लावलंय ते नुसते ठोकळे आहेत. वरून बघताना कळत नव्हतं.


जुनावर्कशॉप, कळवा

हा नवा फोटो बघून लिहितोय. माझी सगळी नोकरी डब्यांच्या दुरुस्तीत गेली, माटुंग्याला. आधीच्या सहा फोटोंत मला काही म्हणता येत नव्हतं, कारण डब्याचं पोट दिसत नव्हतं. डबा ओळखायचा तो खालून.

तीन चुका आहेत, राग मानू नका.

एक. डब्याच्या अंगावर तुम्ही ओळीने रिव्हेट उठवलेत. सुईने दाबून केलेत ना? मेहनत दिसते, पण आयसीएफचा डबा सगळा वेल्डिंगचा. रिव्हेट जुन्या डब्यांना. आयसीएफची कातडी सपाट असते, फार तर जुन्या झालेल्या डब्याला आतल्या खांबांच्या जागी हलकीशी लाट दिसते, तिरप्या उन्हात.

दोन. डब्याच्या टोकाला तुम्ही दोन बारीक नळ्या लावल्यात, एकीचं तोंड हिरवं, एकीचं पांढरं. ती एअर ब्रेकची, ब्रेक पाइप आणि फीड पाइप. तुम्ही आजच्या डब्याचा फोटो बघून केलंय. तुमच्या १९८३च्या पॅसेंजरच्या डब्याला व्हॅक्युम ब्रेक होता. त्याला एकच होज, मनगटाएवढी जाड, वळ्यावळ्यांची, काळी. आणि पोटाखाली दोन मोठी व्हॅक्युम सिलिंडर, २१ इंची, उभी. ती लांबूनही दिसायची. तुमच्या डब्याला नाहीतच.

तीन. डायनॅमो. एका बोगीजवळ तो टांगलेला असायचा आणि अ‍ॅक्सलवरून त्याला पट्टा. पट्ट्याशिवाय डबा म्हणजे रात्री अंधार आणि पंखे बंद. बॅटरीची पेटी तुम्ही लावली आहे, ती बरोबर आहे.

आणखी एक विचारतो. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर काही लिहिलंय का? तिथे शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख आणि वर्कशॉपचं लघुनाव असतं, पांढऱ्या रंगात. आम्ही डब्याकडे गेलो की आधी ते वाचायचो.


मरूनडबा, नौपाडा

काका, राग कसला. तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

रिव्हेट दोन्ही डब्यांवर मिळून हजाराच्या वर आहेत. पॉलिश पेपरने घासून काढतो. होज कशाची करू? वळ्या कशा येतील?


जुनावर्कशॉप, कळवा

गिटारची तार असते, जाडीतली, जिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. नातवाची तुटलेली होती, तिचा तुकडा काळा रंगवून बघितला. हुबेहूब होज. वाकवून लावा, खाली लोंबली पाहिजे. गाडीतल्या दोन डब्यांमधल्या होज एकमेकींना जोडलेल्या. शेवटच्या डब्याची मात्र डमीवर (तोंड बंद करणाऱ्या खुंटीवर) अडकवलेली असते, नाहीतर व्हॅक्युम धरणारच नाही.


उजेड, नेरूळ

काका, गिटारची तार! हे मी कायमचं लक्षात ठेवणार.


बोरीबंदरतेठाणे, कोपरी

धागा सुरुवातीपासून वाचतोय. मी शाळेत शिकवतो. मुलांसाठी १८५३ची गाडी करायला घेतली आहे. १६ एप्रिलला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटली, १४ डबे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, २१ मैल, शेवटचं स्टेशन आमचं ठाणं. इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० चाकांची. डबे छोटे, लाकडी, त्यामुळे मापं घ्यायला सोपे. कार्डबोर्डचे करतोय, मुलं कापतात.

मला विचारायचंय ते रंगाचं. पावसाळ्यात स्प्रे मारला आणि सगळा डबा पांढरट पडला, जणू पावडर लावली. दुकानात विचारलं तर म्हणाले रंग जुना असेल.


मरूनडबा, नौपाडा

सर, रंग जुना नाही. माझंही जुलैत हेच झालं, म्हणून सविस्तर सांगतो.

मी लॅकर मारला होता, रविवारी दुपारी, बाहेर पाऊस धरलेला. मारताना मरून अगदी हवा तसा, ओला, चकचकीत. दोन मिनिटं बघत बसलो. मग खिडक्यांच्या वरच्या पट्टीपासून एक धूसर साय पसरायला लागली, दुधात पाणी घालावं तशी, आणि दहा मिनिटांत डबा राखाडी-गुलाबी झाला. मी आधी पुसायला गेलो आणि बोटाचे ठसे उमटवून बसलो. ते ठसे आजही एका दारापाशी रंगाखाली आहेत.

कारण असं: लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर पाणी जमतं. ते रंगात अडकतं. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवा अशीच.

एका दुकानातून मी यावर उपाय म्हणून साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणला, त्यांनी खात्रीने दिला होता. त्याने प्रायमर नसलेल्या जागी स्टायरीनच विरघळलं, एक दार वितळून आत गेलं. तेव्हा स्टायरीनवर एनसी थिनर उघड्यावर नको.


खाडीपलीकडे, ऐरोली

+१. सर, तुमचं कार्डबोर्ड आहे तर विरघळायची भीती नाही. कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका हात मारा, साय बऱ्याचदा उतरते. आणि पुढचे डबे पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकने रंगवा किंवा दसऱ्यापर्यंत थांबा. एसी लावून बंद खोलीत मात्र स्प्रे मारू नका, मुलांसमोर तर नाहीच. ती वाफ छातीत जाते.


बोरीबंदरतेठाणे, कोपरी

अ‍ॅक्रिलिकच घेतो. धन्यवाद दोघांनाही. मुलांना आज दमट हवेचा धडा शिकवायला कारण मिळालं.


मरूनडबा, नौपाडा

तीन आठवड्यांनी येतोय. झालेलं काम:

रिव्हेट गेले. खाडीपलीकडे यांच्या बोगी बसल्या, त्यांच्याकडे ऐरोलीला जाऊन घेऊन आलो, चहा-पोहे झाले. वजन आता १६२ ग्रॅम, उड्या बंद. व्हॅक्युम सिलिंडर पेनाच्या टोपणाच्या तुकड्यांची केली. डायनॅमोचा पट्टा काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक चिरी. होज गिटारच्या तारेची.

आता डबे फार नवे दिसतात. कारखान्यातून आत्ता आल्यासारखे. मळवायचे कसे?


जुनावर्कशॉप, कळवा

मळ कुठून येतो ते आठवा, मग हात आपोआप तिथे जाईल. त्या काळचे ब्रेक ब्लॉक ओतीव लोखंडाचे. ब्रेक लागला की लोखंडाचा भुगा उडायचा, तो गंजून बोगीवर आणि डब्याच्या खालच्या कडेवर बसायचा. तो तांबूस. वर जाऊ तसा कमी. दाराच्या खालच्या पायऱ्या मात्र घासून उघड्या पडलेल्या, मधोमध चकचकीत. दाराच्या दांड्या तशाच, लोकांच्या हाताने पॉलिश झालेल्या. छतावर धूळ आणि काजळी, व्हेंटिलेटरच्या मागे ओघळ. सॅनिटरी पाइपखाली बोगीच्या आसपास ओलसर डाग, ते सांगायला बरं वाटत नाही पण असायचे.

आणि सगळे डबे सारखे मळवू नका. एक डबा नुकता ओव्हरहॉल होऊन आलेला, त्याच्या शेजारी चार वर्षं उन्हात काढलेला, गाडी अशीच लागायची.


मरूनडबा, नौपाडा

तांबूस भुग्याला गेरू वापरला. कुंड्यांना लावतात तोच. मलमलीच्या कापडातून दोनदा गाळला, अगदी पिठासारखा होतो. मऊ ब्रशने बोगीवर झटकला, फुंकर मारली, वरून मॅट व्हार्निश. छताला देव्हाऱ्यातल्या समईची काजळी, तेलकट असते म्हणून खडूच्या भुकटीत मिसळून. दांड्यांवर पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं, काकांनी सांगितलेली चमक आली.

एक डबा नवा ठेवला, एक जुना.


साडेसोळा, सीवूड्स

शेवटच्या फोटोत मागे तारांचे खांब आलेत. ते आजचे बघून केलेत का? इन्सुलेटर लांब दिसतात. १९८३ला ठाण्यात १५०० व्होल्ट डीसी होतं, तेच जे १९२५च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी-कुर्ला पहिल्या विजेच्या गाडीला होतं. मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर २५ हजार व्होल्ट एसी अगदी अलीकडे आलं, २०१५ला. डीसीचे इन्सुलेटर आखूड हवेत. एवढं बदला, बाकी फोटो आता सहन होत नाही इतका खरा आहे.


मरूनडबा, नौपाडा

बदलतो. तुमची फळी कधी नेऊ?


साडेसोळा, सीवूड्स

कधीही. पण मला एक सुचवायचंय. हॉलमध्ये नको. उजेडताई म्हणाल्या तसं ऊन हवं, आणि पाठीमागे आकाश कागदाचं नको. कोणाच्या गच्चीवरून डोंगर दिसतो का?


जुनावर्कशॉप, कळवा

माझ्या. पाचवा मजला. समोर पारसिक, सगळा. बोगदा १९१६चा, त्याच्या वरचा कडा स्पष्ट दिसतो. पाऊस ओसरलाय, डोंगर हिरवा आहे, हवा स्वच्छ. डावीकडे दोन टॉवर येतात, ते तुमच्या सालात नव्हते.


उजेड, नेरूळ

टॉवर डब्यामागे झाकता येतील. फळी छातीच्या उंचीच्या टेबलावर ठेवू. लेन्स रुळापासून २८ मिमीवर असली की फळीची कडच क्षितिज होते, खालच्या इमारती आपोआप कापल्या जातात. वर फक्त डोंगर उरतो.

वेळ सकाळची नको. डोंगर कळव्याच्या पूर्वेला, सकाळी ऊन त्याच्या मागून येणार, डोंगर काळा दिसेल. संध्याकाळी साडेचार-पाचला ऊन पश्चिमेकडून येईल, डोंगर आणि डबा दोन्हीवर एकाच बाजूने पडेल. डोंगर थोडा धूसर राहू दे, फोकस तिथे नेऊ नका. लांबचा डोंगर धूसरच दिसतो.

वारा असेल तर डबे हलतील. चाकांखाली चिकणमातीचा कण लावा.


मरूनडबा, नौपाडा

रविवारी झालं. फोटो जोडतोय. पाच जण होतो, फळी साडेसोळा यांनी सीवूड्सहून लोकलने आणली, ठाण्याला गाडी बदलून, मांडीवर धरून.

पहिले चाळीस फोटो फुकट गेले. दोनदा सावलीत कोणाचं तरी डोकं आलं, एकदा खरंच कबूतर फलाटावर बसलं. पाच वाजून दहा मिनिटांनी ऊन पिवळं झालं, डब्याच्या अंगावर तिरपं पडलं, आणि घासून काढलेल्या रिव्हेटच्या जागी काका म्हणाले होते ती हलकी लाट दिसली. ती मी केलेली नाही, घासताना हाताचा दाब कमीजास्त झाला असणार. काकांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं तिथे.

अकरा फोटो जोडून हा एक झालाय. मोबाइल नऊ वर्षांच्या मुलाच्या उंचीवर आहे, फलाटापासून १५ मिमी.


उजेड, नेरूळ

मी मूळ आकारात उघडून बघितला. दुसऱ्या डब्याच्या चौथ्या खिडकीची एक सळई वाकलेली आहे. सरळ करू नका.


खाडीपलीकडे, ऐरोली

शब्द नाहीत. पार्सल व्हॅन परत हातात घेतली आहे, खिडक्या कमी आहेत तिला.


बोरीबंदरतेठाणे, कोपरी

वर्गात दाखवला. एका मुलीने विचारलं, ही गाडी आता कुठे थांबते?


जुनावर्कशॉप, कळवा

फोटो मोठा करून टोकाची भिंत वाचली. वर्कशॉपचं नाव आहे, तारीख फेब्रुवारी ८२ आहे. बरोबर लिहिलीत, अक्षर मात्र थोडं जाड झालंय. आमचा पेंटर बारीक लिहायचा, स्टेन्सिल कापायचाच तो तसा. माझ्याकडे त्याने कापलेली एक पत्र्याची स्टेन्सिल आहे, घरी आणली होती. तिच्यावरून माप काढून घ्या.


मरूनडबा, नौपाडा

काका, येत्या रविवारी येतो. तिसरा डबा पण आणतो, अजून रंगवलेला नाही. साडेचारला?


जुनावर्कशॉप, कळवा

चारला या. ऊन आता लवकर उतरतं.